सुगंध : निरंक

माझं नाक तिखट आहे असं सासरी आणि कारखान्यात, दोन्हीकडे बोललं जातं. सासरी ते कौतुकानं बोलत नाहीत. कारखान्यात मात्र त्याच नाकाचा पगार मिळतो, म्हणून तिथं त्याला मान आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा क्रीम-लोशनचा कारखाना. आमच्या स्वतःच्या नावानं एक डबीसुद्धा बाजारात जात नाही. मोठ्या नावांच्या पार्ट्या येतात, आम्ही माल बनवून भरून देतो, वर चिकटतं ते नाव त्यांचं. सांगलीकडून लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा रसायनशास्त्राची पदवी ट्रंकेत पडून होती. दोन वर्षं घरात बसून कंटाळले आणि गुणवत्ता विभागात चिकटले, त्याला आता अकरा वर्षं झाली. रोज सकाळी कागदाच्या पट्टीवर क्रीमचा ठिपका घ्यायचा, हुंगायचा, जुन्या नमुन्याशी ताडून पाहायचा आणि सही करायची. गुलाबात जरा तिखटपणा जास्त झाला की मी बॅच थांबवते. यंत्राला कळत नाही ते मला कळतं, असं मोठे साहेब पाहुण्यांना सांगतात, आणि मी शेजारी उभी राहून लाजल्यासारखं करते. खरं तर मला ते फार आवडायचं.

क्रीम गरम बनते आणि सुगंध सगळ्यात शेवटी पडतो, ती गार होत आली की. आधी घातला तर उडून जातो. सुगंधाचे डबे वेगळ्या थंड खोलीत असतात, त्या खोलीची किल्ली माझ्याकडे. डब्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. आत काय आहे ते बनवणारा सांगत नाही, कारण ते त्याचं गुपित. त्या नंबराच्या पोटात कितीतरी जिनसा असतात, फुलांतून काढलेल्या आणि बाटलीत घडवलेल्या. ट्यूबवर पुष्कळदा सगळ्यांचा मिळून एकच शब्द येतो, सुगंध. लोकांना तो शब्द आवडतो. मलाही आवडायचा. अंगाला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंत हा एकच शब्द असा, ज्याला कुणी तू कोण म्हणून विचारत नाही.

माझं दुसरं काम हात बघण्याचं. पॅकिंगला तीस-पस्तीस बायका, सगळ्या ठेकेदाराच्या. काही सालवडला खोल्या करून राहणाऱ्या, काही मनोरच्या आतल्या पाड्यांवरून भातकापणी झाली की येणाऱ्या. सकाळी कपडे बदलायच्या खोलीबाहेर त्या रांगेनं उभ्या राहतात आणि हात पुढे करतात. आधी तळवे, मग उलटे, मग नखं. जखम नको, पुरळ नको, मेंदी नको, बांगडी नको. मी रजिस्टरात प्रत्येकीच्या नावापुढे बरोबरची खूण करते आणि खाली सही. फुली पडली की ती बाई तशीच दारातून परत जाते आणि तिचा दिवस गेला. तीन फुल्या पडल्या की ठेकेदार दुसरी बाई आणतो. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

त्या रांगेत एक होती. मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, सालवडला दुसऱ्या एका बाईबरोबर पत्र्याच्या खोलीत राहणारी. आम्ही प्रयोगशाळेतले सगळे पॅकिंगच्या बायकांना मावशी म्हणतो, तसं तिलाही म्हणायचो. ती लोशनच्या मशीनच्या तोंडाशी बसायची. बाटली भरली की गळ्याशी ओघळ येतो, तो बोटानं निपटून घ्यायचा आणि झाकण फिरवायचं. हातमोजे घातले की झाकणाच्या आट्यांवर रबर निसटतं, हात मागे पडतो, म्हणून त्या जागेवरच्या बाया मोजे काढून खिशात ठेवतात. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो. मीही तेच करायची. तिचा हात असा चालायचा की ती बसली असताना मशीन थांबवावं लागलं नाही.

तिनं ही नोकरी का धरून ठेवली होती ते तिनंच एकदा डबा खाताना सांगितलं होतं. तिचा नवरा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा. आधी तीही जायची, आणि ती गेली की दोन्ही पोरींना न्यावं लागायचं, शाळा पडायची. ही कारखान्यात लागली तशा पोरी पाड्यावर आजीपाशी राहिल्या आणि शाळेत जाऊ लागल्या. थोरली सातवीत होती. तिचं सगळं त्या रांगेत हात स्वच्छ दिसण्यावर उभं होतं, आणि हे मला माहीत होतं. नंतर मी कुणालाही सांगू शकत नाही की मला माहीत नव्हतं.

एका पावसाळ्याच्या शेवटी तिच्या उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ दिसलं. दुसऱ्या आठवड्यात ते मनगटापर्यंत आलं, कातडी लाल होऊन तडकली. नियमानं फुली पडायला हवी होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, ती जमिनीकडे बघत होती. मी बरोबरची खूण केली आणि तिला डबा खायच्या सुट्टीत प्रयोगशाळेत ये म्हणून सांगितलं.

माझ्यातल्या दयाळू बाईला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे मला आठवतं. मी तिला समजावलं की मावशी, हे सुगंधानं होतंय. दिवसभर बोटांना सुगंधी लोशन लागतं, कुणाकुणाच्या कातडीला ते सोसत नाही, आणि एकदा कातडीनं वैर धरलं की मग थेंबभरसुद्धा पुरतो. हे सगळं मी बरोबर सांगत होते. मग कपाट उघडून मी तिला ट्यूब दिली. आम्ही एका पार्टीसाठी नाजूक कातडीची क्रीम बनवतो, वास नसलेली. प्रत्येक बॅचचे चार नमुने ठेवतो आणि मुदत संपली की फेकून देतो. फेकायच्या ट्यूबा प्रयोगशाळेतले सगळेच घरी नेतात. आमच्या घरात, दिराच्या घरात, सांगलीला माहेरी, सगळीकडे माझ्या फेकायच्या ट्यूबा आहेत. तर त्यातली मी तिला दिली. ह्यात सुगंध नाही, सकाळ-संध्याकाळ लावा, असं सांगितलं आणि माझ्यासमोरच लावायला लावली.

तिनं लावली. मान हलवली आणि गेली.

मग तो माझा नेमच झाला. रांगेत तिचा हात हातात घेऊन मी विचारायची, लावलंत का? ती हो म्हणायची. कधी मला हात कोरडा वाटला तर मी खिशातली ट्यूब काढून तिथंच लावायला सांगायची. इतर बाया बघायच्या. त्यांच्यात मॅडम चांगल्या आहेत असं बोललं जात असणार, असा माझा समज होता. दिवाळीला मी तिला सहा ट्यूबा कागदात बांधून दिल्या. बाकीच्यांना मिठाईचा पुडा आणि हिला वर ह्या ट्यूबा, असा माझा थाट.

हात बरा होईना. उलट डावाही धरला. बोटांची पेरं सुजली, बांगड्या घालायच्या जागेवर पाणी सुटू लागलं. मी तिला लोशनवरून काढून खोकी बांधायच्या टेबलावर बसवलं, तिथं तर सुगंधाचा थेंबही हाताला लागत नाही. तरी वाढलंच. मग मी तिच्यावर चिडू लागले. भांड्याची पावडर वापरत असशील, कपडे धुताना सोडा जास्त घालत असशील, माझी क्रीम नीट लावत नसशील. सांगितलेलं ऐकायचं नाही आणि मग दुखतं म्हणायचं, असंही मी एकदा सगळ्यांसमोर बोलले. तिनं दुखतं असं कधी म्हटलंच नव्हतं, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

होळीनंतर एका पार्टीची माणसं कारखाना तपासायला येणार होती. आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून सांगितलं की रजिस्टर आणि हात दोन्ही जुळले पाहिजेत. सकाळी रांगेत ती उभी होती. दोन्ही हात तिनं पुढे केले, आणि ते हात झाकण्यासारखे राहिले नव्हते. मी फुली मारली. पाहुणे तीन दिवस राहिले, तीन दिवस मी फुली मारली. चौथ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई होती, विक्रमगडकडची, कोवळी पोर. तिचे हात छान होते.

ह्यानंतर मी तिला पालघरला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. आधी का नेलं नाही, ह्याचं उत्तर असं की मला स्वतःलाच सगळं कळत होतं. आम्ही एसटीनं गेलो. ती खिडकीशी बसली होती, हात पदराखाली. केसपेपर लिहिताना तिचं वय विचारलं गेलं, तर ती माझ्याहून चार वर्षांनी लहान निघाली. मी तिला तीन वर्षं मावशी म्हणत होते.

डॉक्टर बाई मोजक्या बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तिच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक पट्टीखाली वेगवेगळ्या पदार्थांचे ठिपके. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही आणि घाम येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. पत्र्याच्या खोलीत, त्या उन्हात. ती तरी दोन दिवस भिंतीला पाठ न टेकता बसून राहिली. पट्ट्या काढल्या, त्यानंतर पुन्हा दोन दिवसांनी डॉक्टरांनी पाठ पाहिली. रबर, निकेल, सिमेंटमधलं काय ते, सगळे ठिपके साधे. सुगंधाच्या मिश्रणाचा ठिपका मात्र फुगून लाल झाला होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझं निदान बरोबर निघालं होतं.

डॉक्टरांनी वासाचं सगळं बंद करायला सांगितलं. साबण, पावडर, केसांचं तेल, सगळं. मी मध्येच म्हटलं की मी तिला सहा महिने वास नसलेलीच क्रीम देतेय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, वास नसलेली वेगळी आणि सुगंध न घातलेली वेगळी. तुमच्या क्रीममध्ये काय काय आहे? मी जरा तोऱ्यातच सांगितलं की मी स्वतःच ती तपासते, यादी आणून देते.

दुसऱ्या दिवशी मी बॅच कार्ड काढलं. एका बॅचमध्ये काय काय किती पडलं, ते त्यावर असतं. वर बेसची, म्हणजे मूळ क्रीमची यादी, खाली वेगळ्या चौकटीत सुगंध. ह्या क्रीमच्या त्या चौकटीत लिहिलेलं होतं, निरंक. अक्षर माझं, खाली सही माझी. यादी उतरवत मी वरून खाली आले. तेल, मेण, ग्लिसरीन, पाणी धरून ठेवणारं, बुरशी न येऊ देणारं. आणि त्यानंतर एक नंबर, अगदी चिमूटभर वजनाचा.

तो नंबर मी अकरा वर्षं लिहीत होते. बेसला स्वतःचा एक ओशट, मेणचट वास असतो, गिऱ्हाइकाला तो चालत नाही. तो दाबण्यासाठी एक द्रव पडतो. दोन वास एकमेकांना खातात आणि नाकाला काही कळत नाही. तो द्रव माझ्या थंड खोलीत नसतो, कच्च्या मालाच्या गोदामात ग्लिसरीनच्या रांगेत असतो. बॅच कार्डावर तो बेसमध्ये येतो. म्हणून आमच्या बोलण्यात त्याला कुणीच कधी सुगंध म्हटलं नाही. सुगंध म्हणजे कुलपातला, ज्याचा वास येतो तो. हा नुसता नंबर. मी गोदामात जाऊन त्याच्या डब्याचे कागद मागितले. सुगंध बनवणाऱ्याचेच कागद होते ते, आणि त्यांवर कातडीला त्रास देऊ शकणाऱ्या पदार्थांची नावं स्पष्ट छापलेली होती.

मग मी ट्यूब उलटी करून बघितली. बारीक अक्षरांच्या यादीत, शेवटून दुसरं, त्यातलंच एक लांबलचक नाव होतं. म्हणजे कुणी काही लपवलं नव्हतं. ते लेबल मी शेकडो वेळा तपासलं होतं, छपाई तिरकी तर नाही ना, म्हणून.

साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले की मॅडम, ज्याचा वास येत नाही त्याला सुगंध कसं म्हणायचं? पार्टीला माहीत आहे, नियमात बसतं, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? मी भांडले. त्या डब्याला थंड खोलीत हलवा, कार्डावर खालच्या चौकटीत लिहा, निदान कारखान्यातल्या माणसांना तरी कळू द्या, म्हणाले. ते बघू म्हणाले. अजून बघत आहेत.

तोवर ती खोली सोडून पाड्यावर निघून गेली होती. तिचा फोन नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही. पुढं पावसाळा होता, ती लावणीत असेल, असं स्वतःला सांगितलं. मग गणपती आले, मग कापणी आली. मला भीती वाटत होती, बाकी काही नाही. माझ्या दयेनं तिचे हात गेले आणि हातांबरोबर नोकरी गेली, हे तिच्या तोंडावर सांगायचं कसं? दिवाळी झाली तेव्हा एका रविवारी मी मनोरला उतरले, रिक्षा केली आणि पाड्यावर गेले. पिशवीत डॉक्टरांना विचारून घेतलेलं साधं व्हॅसलिन होतं, ज्यात खरंच काही नव्हतं.

ती अंगणात गोधड्या बांधत होती. दोन गाठोडी आधीच बांधून दाराशी ठेवलेली होती. मला बघून उठली, खाट झटकली, धाकटीला पाणी आणायला सांगितलं. मी आधी तिचे हात बघितले. हात बरे झाले होते. शेतातले खरबरीत, पण सुकलेले, स्वच्छ. माझ्या रांगेत त्या हातांना बिनबोभाट बरोबरची खूण मिळाली असती, आणि महिन्याभरात ते पुन्हा तसेच झाले असते.

कुठं निघालात, म्हणून विचारलं, तर म्हणाली उद्या ट्रक येणार, भट्टीवर. पोरींचं काय, हे मी विचारलं नाही. गाठोड्यावर थोरलीचं दप्तर ठेवलेलं होतं, त्यात भांडी भरली होती.

मी खाटेवर बसून सगळं सांगितलं. तो नंबर, तो डबा, ती चौकट, माझी सही. तुला बरं व्हावं म्हणून देत होते ते औषध नव्हतं, तेच दुखणं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं, असं सांगताना मला रडू आलं. मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर मी सुटले असते.

ती गोधडीची दोरी आवळत होती. न बघता म्हणाली, "मला म्हायत होतं, मॅडम. पयल्या दिवशीच जळलं."

मला समजेना. मी विचारलं, मग लावत का होतीस? टाकून का दिली नाहीस?

"घरी नवतीच लावत. पन तुमी रांगेत लावायला लावायच्या." तिनं गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कामाचं सांगावं तसं. "सही तुमची व्हती ना. नाय कसं म्हणू?"

त्या डब्याची माफी मागायला मी आले होते, आणि त्या डब्याला ह्यात फार थोडी जागा होती. तिच्या कातडीला जे पहिल्या दिवशी कळलं ते तिच्या तोंडून मला सहा महिन्यांत कळलं नाही, कारण ते सांगायला तिला माझ्यासमोर जागाच नव्हती. मी हात धरून बघत होते, पण विचारत कधी नव्हते. आणि विचारलं तेही एवढंच, की लावलंत का.

तिनं कोरा चहा दिला. व्हॅसलिनची डबी मी खाटेवर ठेवली, ती तिनं उचलून मला परत दिली आणि म्हणाली, आता काय लावायची गरज नाय. धाकटी मला रिक्षापर्यंत सोडायला आली.

मी ते काम सोडलेलं नाही. सोडायला हवं होतं, असं मला अनेकदा वाटतं, पण घर चालवायचं आहे, आणि माझं नाक दुसरीकडे कुणाच्या कामाचं नाही. ती क्रीम मी आता घरी नेत नाही, कुणाला देतही नाही. बॅच कार्ड आहे तसंच आहे, निरंक अजूनही मीच लिहिते. फरक एवढाच की रोज सकाळी रांगेपुढे उभी राहून मी मोठ्यानं विचारते, कुणाला काही लावल्यानं जळतं का, खाज येते का, असेल तर सांगा, मी फुली मारणार नाही. तीस-पस्तीस बायका हात पुढे करून उभ्या असतात. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या एकाच आवाजात म्हणतात, नाय मॅडम. आणि मी पेन उघडते.